बी. फार्म.चा अभ्यास : प्रयोगशाळेतले चार तास

(फार्मसी पदवीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आयोजकांनी मला ‘वेळेचं नियोजन’ हा विषय दिला होता. त्यात मला फारसा रस नाही, हे आधीच सांगून टाकतो. रंगीत पेनांनी आखलेलं टाइमटेबल हॉस्टेलच्या भिंतीवर आठवडाभर शोभून दिसतं, मग त्याच खिळ्याला कुणाचा तरी ॲप्रन लटकतो. म्हणून नियोजनाऐवजी, तुमचा वेळ मुळात जातो कुठे, यावर बोलतो.

हिशेब मांडू. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या, म्हणजे पीसीआयच्या अभ्यासक्रमानुसार पहिल्या सेमिस्टरला ट्युटोरिअल सोडून आठवड्याचे ३२ तास होतात. बारावीला जीवशास्त्र नव्हतं, म्हणून रेमेडिअल बायोलॉजी करावी लागली तर ३६. गणित नव्हतं, म्हणून रेमेडिअल मॅथ्स आलं तर ३४. त्या ३२ तासांतले थिअरीचे १४ आणि प्रॅक्टिकलचे १८. हा आकडा लक्षात ठेवा. कारण दुसऱ्या वर्षाच्या कुठल्याही मुलाला विचारा, ‘काल अभ्यास किती झाला?’ तो रात्री खोलीवर पुस्तक उघडून बसलेला तास-दीड तास सांगेल. दुपारी लॅबमध्ये उभं राहून घालवलेले चार तास त्याच्या हिशेबात येतच नाहीत. प्रॅक्टिकल ‘उरकायचं’ असतं आणि अभ्यास ‘करायचा’ असतो, अशी वाटणी त्याने करून टाकलेली असते. निम्म्याहून जास्त वेळ अभ्यासातून वजा केल्यावर उरलेला वेळ पुरेल कसा? मग ‘फार्मसीला लोड फार आहे’ ही तक्रार सुरू होते. लोड आहेच, मी नाकारत नाही. पण त्यातला बराचसा आपण दोनदा उचलतो.

एक प्रयोग जवळून बघू. सुरुवातीलाच इनऑरगॅनिक केमिस्ट्रीला क्लोराइडची लिमिट टेस्ट, म्हणजे अशुद्धी मर्यादेत आहे का ते बघणारी चाचणी, येईल. दोन नेसलर सिलिंडर, म्हणजे सारख्या मापाच्या काचेच्या नळ्या. एकात तुमचा नमुना, दुसऱ्यात स्टँडर्ड, म्हणजे क्लोराइडचं ठरलेलं प्रमाण. दोन्हींत पातळ नायट्रिक ॲसिड, मग सिल्व्हर नायट्रेट, काचेच्या कांडीने ढवळायचं, पाच मिनिटं उजेडापासून लांब ठेवायचं आणि काळ्या पार्श्वभूमीवर धरून दोन्हींचा गढूळपणा ताडून बघायचा. नमुना स्टँडर्डपेक्षा जास्त गढूळ नसला की पास.

बाकावर प्रत्यक्षात काय चालतं ते तुम्हाला लवकरच दिसेल. एक जण ओतत असतो, दोघं बघत असतात आणि चौथा सीनियरच्या जर्नलचा, म्हणजे प्रयोगवहीचा फोटो मोबाइलवर शोधत असतो. निष्कर्ष आधीच ठाऊक असतो, त्यामुळे सिलिंडरकडे बघायची कुणाला गरजच वाटत नाही.

आता त्याच बाकावर चार प्रश्न विचारा. नायट्रिक ॲसिड कशाला? कारण कार्बोनेट, फॉस्फेटसारखे आयनसुद्धा सिल्व्हरबरोबर साका, म्हणजे न विरघळणारा गाळ देतात. आम्ल असलं की ते साके राहत नाहीत, सिल्व्हर क्लोराइड मात्र पातळ नायट्रिकमध्ये विरघळत नाही. मग हायड्रोक्लोरिक का नको? हे तुमचं तुम्ही सांगा, दहा सेकंदांचं काम आहे. उजेडापासून लांब का? सिल्व्हर क्लोराइड उजेडात काळवंडतं. आणि स्टँडर्ड कशासाठी? कारण क्लोराइड किती आहे हे ही टेस्ट सांगतच नाही. ठरवून दिलेल्या मर्यादेच्या आत आहे की नाही, एवढंच सांगते. ही चार उत्तरं म्हणजे व्हायवा, अर्थात तोंडी परीक्षा आहे, थिअरीच्या पेपरातला पाच मार्कांचा प्रश्न आहे आणि पुढे क्वालिटी कंट्रोलमध्ये नोकरीला लागलात तर रोजचं काम आहे. चार तासांत तेवढं सहज होतं. शिवाय जर्नल लिहायला वेळ उरतो.

जर्नलचा मुद्दा इथेच संपवतो. ज्या दिवशी प्रॅक्टिकल, त्याच दिवशी जर्नल. वाचन त्याच दिवशी झालं नाही तर मी समजून घेईन, जर्नल मात्र झालंच पाहिजे. तुंबलेल्या जर्नलांची किंमत सबमिशनच्या आठवड्यात मोजावी लागते, आणि तो आठवडा बरोबर परीक्षेच्या तोंडावर येतो. त्या रात्री मुलं बघून बघून पानंच्या पानं उतरवतात, हात दुखतो, डोक्यात काही जात नाही, आणि ज्या वेळात फिजिऑलॉजी वाचायची तो वेळ मार्जिन आखण्यात जातो. लोड दोनदा उचलणं म्हणजे हेच. तपासून, सही होऊन हातात आलेलं जर्नल पुन्हा वाचणारा विद्यार्थी मला क्वचितच भेटतो. खरं तर व्हायवाच्या आदल्या दिवशी त्याच्याइतकी चांगली नोट्स दुसरी नाहीत, मात्र ते स्वतः समजून लिहिलेलं हवं.

एक विषय दुसऱ्याला कसा जोडलेला असतो, याचंही भान लॅबमध्येच येतं. ॲस्पिरिनची जुनी बाटली उघडा, व्हिनेगरसारखा वास येईल. ओलाव्याने ॲस्पिरिन फुटलं, सॅलिसिलिक ॲसिड आणि ॲसिटिक ॲसिड झालं. ही ऑरगॅनिक केमिस्ट्री. त्यात फेरिक क्लोराइड टाकलं तर जांभळा रंग येतो, कारण सॅलिसिलिक ॲसिडवर मोकळा फिनॉल गट आहे. शुद्ध ॲस्पिरिनला तो रंग येत नाही. हे ॲनालिसिस. गोळी कोरडी राहावी म्हणून पॅकिंग कसलं करायचं, हे फार्मास्युटिक्स. जो ॲसिटाइल गट ओलाव्याने निघून जातो, तोच शरीरात प्लेटलेटमधल्या सायक्लोऑक्सिजनेज एन्झाइमला कायमचा चिकटतो. प्लेटलेटला केंद्रक नसल्याने तिला नवं एन्झाइम बनवता येत नाही, म्हणून रक्ताची गुठळी रोखण्याचा परिणाम त्या प्लेटलेटच्या आयुष्याएवढा, म्हणजे सात ते दहा दिवस टिकतो. ही फार्माकॉलॉजी. चार वेगवेगळ्या विषयांत चार वेगवेगळी माणसं हे तुम्हाला शिकवतील आणि चौघांनाही वाटेल की दुवा दुसऱ्याने जोडला असेल. तो तुम्हालाच जोडावा लागेल.

आता खोलीवरच्या अभ्यासाबद्दल. तो बहुतेकांचा एकाच पद्धतीचा असतो: हायलाइटर घेऊन वाचायचं, मग पुन्हा वाचायचं. २००६ साली रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. एका गटाने एक उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्या गटाने एकदाच वाचला आणि तीनदा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तर वाचणारे पुढे होते. आठवड्याने तपासलं तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवत होतं, लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. आपल्याला पुष्कळ लक्षात राहील, असा विश्वास मात्र वाचणाऱ्यांनाच जास्त होता. परीक्षेच्या आदल्या रात्री ‘सगळं झालंय’ असं सांगणारा तुमचा रूममेट आठवा.

तेव्हा पुस्तक बंद करायचं आणि कोऱ्या कागदावर नेफ्रॉन काढायचा. कुठे काय शोषलं जातं ते लिहायचं. अडलं की पुस्तक उघडायचं. हे कंटाळवाणं असतं आणि सुरुवातीला मान खाली घालायला लावतं, म्हणूनच कुणी करत नाही. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्यांसाठी आणखी एक: समजून घ्यायचं ते बिनदिक्कत मराठीत घ्या, मित्राला मराठीत समजावून सांगा, पण कोऱ्या कागदावर लिहायचं ते इंग्रजीत. पेपर इंग्रजीत आहे, हाताला ती वाक्यं वळली पाहिजेत.

पेपरचं स्वरूपही डोळ्यांपुढे ठेवा. सेमिस्टरची थिअरी परीक्षा ७५ मार्कांची, तीन तासांची. त्यात २० मार्कांचे वस्तुनिष्ठ प्रश्न, तीनपैकी दोन मोठे प्रश्न २० मार्कांचे आणि नऊपैकी सात छोटे प्रश्न ३५ मार्कांचे. मुलं ‘आयएमपी’च्या झेरॉक्स घेऊन मोठ्या प्रश्नांच्या मागे धावतात आणि ३५ मार्क वाऱ्यावर सोडतात. पाच मार्कांचं उत्तर किती लांब लिहायचं, हे घड्याळ लावून एकदा तरी करून बघा.

केटीबद्दल, म्हणजे नापास होऊन राहिलेल्या विषयांबद्दल, सीनियर तुम्हाला सांगतील, ‘टेन्शन नको, कॅरी होते.’ खरं आहे. पहिल्या तिन्ही सेमिस्टरचे राहिलेले विषय चौथ्या सेमिस्टरपर्यंत पुढे नेता येतात. पण पीसीआयचा नियम असा आहे की पहिल्या आणि दुसऱ्या सेमिस्टरचे सगळे विषय सुटल्याशिवाय पाचव्याला बसता येत नाही. पहिल्या चार सेमिस्टरचे सुटल्याशिवाय सातव्याला नाही. म्हणजे आज राहिलेली इनऑरगॅनिक तिसऱ्या वर्षाच्या दारात आडवी येते, तीसुद्धा नेमकी तेव्हा, जेव्हा तिची एकही ओळ आठवत नसते. शिवाय हजेरी थिअरी आणि प्रॅक्टिकलला वेगवेगळी ८० टक्के लागते, एकाची दुसऱ्यात धरत नाहीत.

औषधांची नावं पाठ करण्याची धास्ती सगळ्यांनाच असते. नावांच्या शेपट्या ओळखा: ‘प्रिल’ आणि ‘सार्टान’ रक्तदाबाची, ‘स्टॅटिन’ कोलेस्टेरॉलची, ‘ओलोल’ बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंदावणारी. पण डोळे झाकून नको. स्टॅनोझोलॉल शेपटीने बीटा ब्लॉकर वाटतं, असतं ॲनाबॉलिक स्टेरॉइड. ‘प्राझोल’ ही शेपटी एकच, पण पँटोप्राझोल ॲसिडिटीवर आणि ॲरिपिप्राझोल मानसिक आजारावर. काउंटरवर उभं राहिल्यावर हा घोळ मार्कांपुरता उरत नाही.

जीपॅटचा, म्हणजे एम. फार्म.च्या प्रवेशपरीक्षेचा क्लास पहिल्या वर्षी लावावा का, असं मघाशी कुणीतरी चिठ्ठीवर विचारलंय. नको.

दुसरी चिठ्ठी आहे: ‘सर, मी रोज एसटीने अप-डाऊन करतो, घरी पोचेपर्यंत सात वाजतात, मी हे सगळं कधी करू?’ खरा प्रश्न आहे. एसटीत उभं राहून पुस्तक वाचायच्या फंदात पडू नका, ते होत नाही. बसमध्ये आज लॅबमध्ये काय केलं ते क्रमाने आठवायचं, शेपट्यांच्या चिठ्ठ्या खिशात ठेवायच्या. जर्नल कॉलेजातच, गाडी सुटायच्या आधी लायब्ररीत संपवायचं. त्यासाठी एक गाडी सोडावी लागली तर सोडा. घरी गेल्यावर जेवा, अर्धा तास कोरा कागद घ्या आणि झोपा. रविवारी सकाळी आठवड्यात अडलेलं तेवढंच उघडा. आणि ज्यांची खोली कॉलेजपासून चालत दहा मिनिटांवर आहे त्यांनी या मुलाला आपल्या बाकावर घ्या, कारण प्रॅक्टिकल लक्ष देऊन करण्याची गरज त्यालाच सगळ्यात जास्त आहे.