कटकन वाजलं, म्हणजे मणका बसला?

तुर्भ्याचं कांदा-बटाटा मार्केट, पहाटेची वेळ. ट्रकच्या फाळक्याकडे पाठ करून एक माथाडी वाकतो. वरचे दोघं त्याच्या पाठीवर ५० किलोची गोणी सोडतात. गुडघे जरासे दबतात आणि तो चालू लागतो.

चहाच्या वेळी तो मान खाली घालून कॉलर मागे ओढतो. मानेच्या मुळाशी एक उंचवटा आहे. ‘हा बघा, मणका सरकलाय. उसण भरली तेव्हा पायाळूचा पाय लावून घेतला, पण हा काही बसेना. आता ते कटकन मान मोडतात ना मोबाइलवर, तसं करून घ्यावं म्हणतो.’

मोबाइलवरच्या त्या विद्येचं नाव कायरोप्रॅक्टिक. १८९५ साली अमेरिकेतल्या डेव्हनपोर्ट गावात डॅनियल डेव्हिड पामर यांनी हार्वी लिलार्ड या सफाई कामगाराच्या पाठीतला मणका दाबून ‘जागेवर बसवला’. त्याला नीट ऐकू येत नव्हतं, ते येऊ लागलं, असा पामर यांचा दावा. पुढे त्यांनी लिहूनच टाकलं: ९५ टक्के आजार सरकलेल्या मणक्यांमुळे होतात. उरलेले पाच? तेही सांध्यांमुळेच! मणका हलला की नस चेपते, नस चेपली की अवयव बिघडतो. या हलण्याला नाव दिलं सबलक्सेशन.

पण ऐकण्याची नस पाठीतून जातच नाही. ती कानातून कवटीच्या आतल्या आत मेंदूत पोचते. ब्रिटनमध्ये तर कायरोप्रॅक्टरांच्याच नियामक मंडळाने २०१० मध्ये सांगितलं, की सबलक्सेशनमुळे आजार होतात याला संशोधनाचा आधार नाही.

आणि तो आवाज? सांधा ताणला की आतल्या वंगणाचा दाब घटतो, वायूची पोकळी तयार होते. बोटं मोडताना वाजतं तेच हे.

कंबरदुखीत या उपचाराने काहींना आराम पडतो, व्यायामाने पडतो साधारण तितकाच. मानेला झटका मात्र नको. क्वचित का होईना, रक्तवाहिनीचं अस्तर फाटून पक्षाघात झालेला आहे. ओझ्याने मणक्यांमधली गादी खरंच बाहेर येते, नस खरंच दबते. पाय बधिर झाला, लघवीवरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.

आणि मानेवरचा उंचवटा? तो सातवा मणका. सगळ्यांचाच तिथे वर आलेला असतो.

आमच्या माथाडीला हे पटत नाही. तो चहावाल्या पोराची मान चाचपतो, ज्याने आयुष्यात गोणी उचललेली नाही.

‘आयला, तुझा पण सरकलाय की!’