काचेचा पहिला मणी

श्रोतेहो, नमस्कार. ज्योतीवर काच वितळवून मणी घडवायला शिकायचं असेल, तर पहिला महिनाभर एकच मणी पुन्हा पुन्हा करा: एकरंगी, गोल, बिननक्षीचा. ठिपके, फुलं, वेलबुट्टी यांना घाई नाही. काच किती तापली, कधी ओघळेल, कधी तडकेल, हे हाताला कळायला साधा गोल मणीच लागतो.

मंगळसूत्रातले बारीक काळे मणी असे एकेक घडवलेले नसतात. काचेची पोकळ नळी लांब ओढून तिचे तुकडे पाडतात. आपण बोलतोय ते सळईवर काच गुंडाळून केलेल्या मण्यांबद्दल. इटलीतल्या मुरानोत आणि आपल्याकडे उत्तर प्रदेशातल्या पुर्दिलनगरात असे मणी होतात.

आधी काच. ५ ते ६ मिलिमीटर जाडीच्या कांड्या मिळतात, त्यांतली १०४ क्रमांकाची मऊ काच घ्या. हा क्रमांक म्हणजे तापल्यावर काच किती प्रसरण पावते त्याचं माप. बोरोसिलिकेट, म्हणजे प्रयोगशाळेतल्या भांड्यांच्या कडक काचेचा क्रमांक ३३. या दोन काचा एका मण्यात आल्या, की निवताना एक जास्त आकसते, दुसरी कमी, आणि मणी फुटतो. बाटलीच्या फुटक्या काचेचं प्रसरण आपल्याला ठाऊक नसतं, म्हणून ती दुसऱ्या काचेत मिसळायची नाही.

ज्योत एलपीजी आणि ऑक्सिजन मिळून चालणाऱ्या टॉर्चची असली तर उत्तम. पेटवताना आधी गॅस, मग ऑक्सिजन. विझवताना आधी ऑक्सिजन, मग गॅस. दोन्ही नळ्यांवर ज्योत उलटी शिरू न देणारी झडप हवीच. ऑक्सिजनच्या जोडणीला तेल किंवा ग्रीस चुकूनही लावू नका, त्यानं आग लागते. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून खोलीत खालूनही हवा खेळायला हवी. कपडे सुती, केस बांधलेले. डोळ्यांवर डिडिमियमचा चष्मा घाला, साधा गॉगल इथे कामाचा नाही. तापलेल्या काचेतल्या सोडियममुळे पिवळाजर्द झोत उठतो आणि त्यात मणी दिसेनासाच होतो. डिडिमियम नेमका तो पिवळा गाळून टाकतं.

आता सळई. स्टेनलेस स्टीलची, २.४ मिलिमीटर जाडीची घ्या. पॉलिश कागदानं घासून तिचं टोक लेपात सुमारे ५ सेंटिमीटर बुडवा. हा लेप ॲल्युमिना आणि चिनी मातीचा असतो. तो नसेल तर काच पोलादाला कायमची चिकटते. लेप घट्ट ताकाइतका असावा. बुडवलेल्या सळया वाळूच्या डब्यात उभ्या खोचून रात्रभर वाळू द्या. ओला लेप ज्योतीत फुगून सुटतो, आणि मण्याच्या भोकात त्याचे पोपडे राहतात.

कांडी थेट ज्योतीत घालू नका. थंड काचेला एकदम आच लागली की टोकाचे कपचे ताडताड उडतात. ज्योतीच्या दूरच्या टोकाशी कांडी हलकेच आत-बाहेर करा, फिरवत राहा, टोक लालसर झालं की जवळ आणा. टोकाशी वाटाण्याएवढा गोळा जमला, की दुसऱ्या हातातली सळई ज्योतीत धरून लेप नारिंगी होईपर्यंत तापवा. हा क्षण चुकवू नका. लेप थंड राहिला तर काच त्याला धरत नाही आणि मणी सळईवर गरगर फिरतो.

गोळा लेपावर टेकवा आणि सळई आपल्यापासून पलीकडे, संथ फिरवा. काच मधासारखी गुंडाळत जाते. एक वेढा पुरा झाला, की कांडी ओढून तोडू नका. मधली तार ज्योतीत धरून वितळवा, म्हणजे ती सहज तुटते. पहिला वेढा ६ मिलिमीटर रुंद असेल, तर मणी सुमारे ८ मिलिमीटर जाडीचा होईपर्यंत काच चढवा. मग सळई आडवी, पातळी न मोडता फिरवत ज्योतीत ठेवा. गोलाई गरम काचेच्या ताणानंच येते, हातानं दाबून आणायची नसते. काच एका बाजूला झुकली तर फिरवणं अडखळलंय हे समजा: झुकलेली बाजू वर आणा, ती परत सावरते.

एक गंमत जवळून पाहा. तापून लाल झालेला पांढरा मणी काचेसारखा आरपार दिसायला लागतो, आणि निवला की पुन्हा पांढरा होतो. काळी कांडी ओढून केसाएवढी तार केली, तर ती काळी नसून गडद जांभळी निघते!

मणी तयार झाला की लाली मावळेपर्यंत ज्योतीबाहेर फिरवत राहा, आणि लगेच भट्टीत ठेवा. नवशिके इथेच घाई करतात. बाहेरची काच आधी आकसते, आतली नंतर, त्या ओढाताणीत मण्यात ताण अडकतो, आणि सुरेख दिसणारा मणी पंधरा दिवसांनी आपोआप तडकतो. म्हणून भट्टी ५१० ते ५२० अंश सेल्सिअसवर अर्धा ते एक तास धरा, मग तासाला ६० अंश या गतीनं ३७० पर्यंत उतरवा, आणि बंद करून दार न उघडता पूर्ण थंड होऊ द्या. भट्टी नसेल तर गरम मणी वर्मिक्युलाइटमध्ये, म्हणजे उष्णता धरून ठेवणाऱ्या एका खनिजाच्या हलक्या दाण्यांत, पुरतात. पण त्यानं फक्त निवणं लांबतं, ताण पूर्ण जात नाही. असे मणी जमवून नंतर सगळे एकाच वेळी भट्टीत तापवून घ्यावे लागतात, आणि तेव्हा मणी थंड भट्टीत ठेवून तिचं तापमान हळूहळू वर न्यावं लागतं.

निवलेला मणी सळईसकट अर्धा तास पाण्यात ठेवा, मग सळई पकडीत धरून मणी पिळून काढा. भोकातला लेप पाण्याखालीच हिऱ्याच्या कानसेनं खरवडा. कोरडा खरवडला तर त्याची धूळ श्वासात जाते. शेवटी दोन्ही टोकांवरून बोट फिरवा. काच कमी पडलेल्या मण्याची टोकं सुईसारखी वर आलेली असतात. बोटाला टोचलं तर तो मणी माळेत ओवू नका, आठवड्याभरात दोरा कापला जाईल. पुढच्या वेळी कांडीवर अर्धा वाटाणा काच जास्त घ्या.