कण्हणाऱ्या बाळाला आधार कसा द्यावा

मंडळी, बाळ कमी दिवसांचं जन्मलं आणि त्याला काचेत ठेवलं, की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, "डॉक्टर, व्हेंटिलेटर लागेल का?" पुष्कळ बाळांच्या बाबतीत तो लागू नये म्हणूनच आमची धडपड चाललेली असते. व्हेंटिलेटर लावला नाही म्हणजे उपचारांत हयगय झाली, असं कृपा करून समजू नका.

सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाकडे जवळून बघा. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा खोल आत ओढली जाते, नाकपुड्या फुलतात आणि श्वास सोडताना दर वेळी "अं... अं..." असा बारीक आवाज येतो. बाळ कण्हत असतं. फुफ्फुसांतल्या हवेच्या सूक्ष्म पिशव्या मिटू नयेत म्हणून त्यांना आतून सर्फॅक्टंटचा स्निग्ध थर असतो. तो पुरेसा तयार व्हायला साधारण 34-35 आठवडे लागतात. तो नसला, की या पिशव्या ओल्या प्लास्टिकच्या पिशवीसारख्या आतून चिकटतात आणि दर श्वासाला त्या नव्याने उघडाव्या लागतात. म्हणून बाळ श्वास सोडताना घसा अर्धवट आवळतं आणि थोडी हवा आत अडवून धरतं. हा त्याने स्वतःवर चालवलेला उपचारच आहे. पण तेवढ्या जिवाला तो किती वेळ झेपणार?

सर्फॅक्टंटची ही उणीव 1959 मध्ये मेरी एलेन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवून दिली. तरी उपाय हाती नव्हता. 1963 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा, केनेडींचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन दोन किलोंच्या वर होतं, तरी तो दोन दिवससुद्धा जगला नाही. आज आपल्या जिल्हा रुग्णालयांच्या एसएनसीयूतून, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या खास कक्षातून, त्याहून लहान बाळं घरी जातात.

मधे काय बदललं? सॅन फ्रान्सिस्कोचे भूलतज्ज्ञ जॉर्ज ग्रेगरी यांनी बाळ कण्हून जे साधत होतं तेच बाहेरून दिलं. श्वास बाळानेच घ्यायचा. आपण फक्त हवेचा सौम्य दाब सतत टिकवायचा. 1971 मध्ये त्यांनी अशा 20 अत्यवस्थ बाळांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांतली 16 वाचली. हाच सीपॅप.

बबल सीपॅपची रचना तर फार साधी आहे. नाकात दोन मऊ नळ्या आणि हवा बाहेर जाण्याच्या नळीचं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलेलं. टोक 5 सेंटिमीटर खोल असेल, तर दाबही पाण्याच्या 5 सेंटिमीटरइतकाच. बुडबुडे थांबले, की सिस्टरला कळतं: नळी निसटली, बाळाचं तोंड उघडं राहिलं किंवा कुठे जोड सैल झाला. नळ्या धरून ठेवणारी डोक्यावरची टोपी घट्ट झाली आणि नळ्या आत रुतल्या, तर नाकाचा मधला पडदा काही तासांत लाल होतो, पुढे जखम होते. पोटात गेलेली हवा तोंडातल्या नळीने काढावी लागते. हे सगळं बघायला माणूसच लागतं.

सीपॅपलाही मर्यादा आहेत. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'कॉइन' या मोठ्या चाचणीत गर्भारपणाच्या 25 ते 28 आठवड्यांत जन्मलेल्या बाळांपैकी सीपॅपवर सुरुवात झालेल्या जवळजवळ निम्म्यांना पुढे श्वासनलिकेत नळी घालावीच लागली. फुफ्फुसाभोवती हवा साठण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त निघालं. बाळ थकत असेल तर सर्फॅक्टंट आणि गरज पडल्यास व्हेंटिलेटर वेळेवर द्यायलाच हवा. तिथे हट्ट नको.

ऑक्सिजन तर औषधासारखाच मोजून द्यावा लागतो. 1940-50 च्या दशकांत बेसुमार ऑक्सिजनमुळे हजारो बाळांची दृष्टी गेली. म्हणून ऑक्सिजनवरच्या बाळाचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, आम्ही साधारण 90 ते 95 मध्ये ठेवतो. मॉनिटरवर 100 दिसलं की नातेवाइकांना हायसं वाटतं, आम्ही मात्र ऑक्सिजन कमी करायला धावतो. बाळ घरी गेलं तरी जन्मापासून तिसाव्या दिवसाच्या आत डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायचाच, हे मी हात जोडून सांगते.

सभागृहात देणगीदार मंडळी आहेत म्हणून शेवटी एक विनंती. व्हेंटिलेटरवर नाव कोरता येतं, हे मला कळतं. पण आमच्याकडे कमी पडतात ते हवा-ऑक्सिजन मिसळणारे ब्लेंडर, सगळ्या मापांच्या नाकातल्या नळ्या आणि रात्रपाळीला हे काम शिकलेल्या सिस्टर. द्यायचंच असेल तर सिस्टरच्या प्रशिक्षणाचा खर्च उचला.