क्रमवारीत मागे राहिलेली गाणी

[दृश्य: लंडनचे ऑलिंपिक स्टेडियम, रात्र. मैदानभर दिवे.]

१२ ऑगस्ट २०१२ रोजी लंडन ऑलिंपिकचा समारोप झाला, तेव्हा यजमान देशाने आपल्या गेल्या पन्नास वर्षांतल्या पॉप आणि रॉक संगीताचा ठेवा जगापुढे मांडला. ‘द किंक्स’ या रॉक गटाचे रे डेव्हिस यांनी ‘वॉटर्लू सनसेट’ गायले. केट बुश स्वतः आल्या नाहीत, पण त्यांचे ‘रनिंग अप दॅट हिल’ नव्या रूपात वाजले. १९९१ मध्येच जगाचा निरोप घेतलेले, ‘क्वीन’ या गटाचे गायक फ्रेडी मर्क्युरी पडद्यावर अवतरले आणि भरलेल्या स्टेडियमने त्यांच्या तानेला तशीच तान देऊन साद घातली. शेवटी ‘द हू’ या रॉक गटाने ‘बाबा ओ’रायली’ आणि ‘माय जनरेशन’ वाजवले. त्याआधी, २७ जुलैच्या उद्‌घाटनात, ब्रिटनचे खेळाडू डेव्हिड बोवी यांच्या ‘हीरोज’च्या सुरांवर मैदानात उतरले होते.

आता लोकप्रियतेच्या याद्यांमधली याच गाण्यांची जुनी क्रमवारी पाहू. ‘हीरोज’ १९७७ मध्ये खुद्द ब्रिटनमध्ये २४व्या क्रमांकाच्या वर गेले नाही. ‘माय जनरेशन’ ब्रिटनमध्ये दुसरे आले, पण अमेरिकेत ७४व्या क्रमांकावरच अडले. ‘रनिंग अप दॅट हिल’ १९८५ मध्ये अमेरिकेत ३०व्या क्रमांकापर्यंत पोहोचले. ‘वॉटर्लू सनसेट’ला अमेरिकेच्या पहिल्या शंभरांत जागाच मिळाली नाही, आणि ‘बाबा ओ’रायली’ त्या काळात या दोन्ही देशांच्या यादीत कधी आलेच नाही. हे आकडे गाण्यांच्या दर्जाविषयी फारच थोडे सांगतात, असे माझे मत आहे. गाणे आणि श्रोता यांच्यामध्ये त्या काळी कोण कोण उभे होते, ते मात्र त्यांच्यातून नीट वाचता येते.

[दृश्य: रेकॉर्डच्या दुकानातील फळ्या, फिरणारी छोटी तबकडी.]

ज्यांनी बिनाका गीतमालेची पायदाने कान देऊन ऐकली आहेत, त्यांना क्रमवारीची ओढ वेगळी समजावून सांगायला नको. अमेरिकेत ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाने ४ ऑगस्ट १९५८ रोजी ‘हॉट १००’ ही यादी सुरू केली. तिच्यात दोन गोष्टींची बेरीज होत असे: दुकानात सिंगल, म्हणजे एका गाण्याची छोटी तबकडी, किती खपली आणि रेडिओ केंद्रांनी ते गाणे किती वाजवले. १९९१ पर्यंत खपाची माहिती मुख्यतः दुकानदारांच्या सांगण्यावर आधारलेली असे. यंत्राने मोजलेली विक्री त्यानंतर आली. ब्रिटनची यादी मात्र मूळची फक्त विक्रीवर चालणारी. थोडक्यात, कंपनीने सिंगल काढले नाही, रेडिओने गाणे लावले नाही किंवा कलावंताला त्या देशात पाऊल ठेवता आले नाही, तर श्रोत्याची आवड मोजली जाण्याचा प्रश्नच येत नसे.

पाऊल ठेवता न आल्याचे उदाहरण म्हणजे ‘द किंक्स’. १९६५च्या अमेरिका दौऱ्यात त्यांच्या वागणुकीबद्दल बऱ्याच तक्रारी झाल्या आणि अमेरिकी वादकांच्या संघटनेने त्यांना पुढच्या कार्यक्रमांसाठी परवाने देणे थांबवले. ही बंदी १९६९ पर्यंत टिकली. या चार वर्षांत बीटल्स आणि रोलिंग स्टोन्स यांना अमेरिकेत डोक्यावर घेतले जात होते, आणि त्याच काळात रे डेव्हिस आपली सर्वांत सुंदर गाणी लिहीत होते. मे १९६७ मध्ये आलेले ‘वॉटर्लू सनसेट’ ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेले. थेम्स नदी, गजबजलेले रेल्वे स्टेशन आणि खिडकीतून दोन तरुण जिवांना पाहणारा एक एकटा माणूस, एवढ्याच ऐवजावर हे गाणे उभे आहे. अमेरिकेत दूरचित्रवाणीवर किंवा रंगमंचावर ते सादर करायला गटच नव्हता, आणि त्या देशाच्या लेखी ते गाणे आलेच नाही.

[दृश्य: अरणगावजवळची टेकडी, मेहेराबादची समाधी.]

‘बाबा ओ’रायली’ची गोष्ट आपल्याला थेट महाराष्ट्रात आणते. या नावातले ‘बाबा’ म्हणजे मेहेर बाबा. १८९४ मध्ये पुण्यात एका इराणी कुटुंबात जन्मलेले, १० जुलै १९२५ पासून अखेरपर्यंत मौन पाळलेले आणि ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवलेले हे संत अहिल्यानगरजवळच्या मेहेराबादेत विसावले आहेत. ‘द हू’चे गिटारवादक आणि गीतकार पीट टाउनशेंड हे त्यांचे निष्ठावंत अनुयायी. नावातला दुसरा भाग अमेरिकी संगीतकार टेरी रायली यांच्यावरून आला. हे रायली १९७० पासून किराणा घराण्याचे गायक पंडित प्राणनाथ यांच्याकडे शिकत होते. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचे, सवाई गंधर्वांचे आणि भीमसेनजींचे जे घराणे, त्याच घराण्यात रियाज करणाऱ्या एका अमेरिकी माणसाचे नाव लंडनच्या रॉक गाण्याला जोडले गेले आहे, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. ते ठाऊक असावे, असे मला मनापासून वाटते.

टाउनशेंड यांची मूळ कल्पना अशी होती, की मेहेर बाबांविषयीची माहिती यंत्रात भरावी आणि त्यातून निघणारे संगीत हे त्या व्यक्तीचे संगीतातले चित्र ठरावे. ही कल्पना एका मोठ्या, पुढे अर्धवट राहिलेल्या प्रकल्पाचा भाग होती. प्रत्यक्षात गाण्याच्या सुरुवातीला ऐकू येणारी, पाण्याच्या थेंबांसारखी ओघळत राहणारी सुरावट लाउरी कंपनीच्या घरगुती ऑर्गनवर वाजवलेली आहे. त्या ऑर्गनला ‘मरिंबा रिपीट’ नावाची एक सोय होती. पट्टी दाबून धरली, की तोच सूर ठरावीक वेगाने पुनःपुन्हा उमटत राहायचा. बऱ्याच श्रोत्यांना तो सिंथेसायझर वाटतो. त्यावर पियानोचे तीन भक्कम आघात येतात, मग ढोल, मग आवाज. आणि शेवटी डेव्ह आर्बस यांचे व्हायोलिन असा वेग घेते, की रॉक गाणे संपता संपता लोकनृत्याच्या लयीत शिरते. व्हायोलिनची ही कल्पना ढोल वाजवणाऱ्या कीथ मून यांची होती.

हे गाणे १९७१च्या ऑगस्टमध्ये ‘हूज नेक्स्ट’ या अल्बमच्या आरंभीच आले. ब्रिटन आणि अमेरिकेत त्याचे सिंगल मात्र निघाले नाही. त्या अल्बममधून सिंगल म्हणून निवडले गेले ते ‘वोन्ट गेट फूल्ड अगेन’, आणि तेही साडेआठ मिनिटांचे गाणे रेडिओसाठी निम्म्याहून लहान करून. ते ब्रिटनमध्ये नववे आणि अमेरिकेत पंधरावे आले. ‘बाबा ओ’रायली’ला परीक्षेलाच बसवले गेले नाही, त्यामुळे त्याचा क्रमांक शोधायला जाणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. याच मेहेर बाबांचे एक इंग्रजी वचन, चिंता करू नका, आनंदात राहा, असे सांगणारे, एका भित्तिपत्रकावर बॉबी मॅकफेरिन यांच्या नजरेस पडले. त्यावरून त्यांनी रचलेले ‘डोन्ट वरी, बी हॅपी’ १९८८ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. कोणतेही वाद्य न वाजवता, केवळ कंठातून निघालेल्या आवाजांवर तो मान मिळवणारे ते पहिले गाणे. अरणगावच्या माळावरच्या एका संताच्या नावाशी जोडलेली दोन गाणी, एक सर्वांत वर आणि दुसरे यादीबाहेर; यातले कोणते अधिक थोर, असे मला विचारले तर मी क्षणाचाही विलंब न लावता दुसऱ्याचे नाव घेईन.

[दृश्य: बर्लिन, हान्सा स्टुडिओचे मोठे दालन.]

‘हीरोज’च्या वाट्याला असा कोणताही अडथळा आला नव्हता. सिंगल निघाले होते, बोवी प्रसिद्ध होते, आणि फ्रेंच व जर्मन भाषांतही त्यांनी ते गायले होते. तरीही २४वा क्रमांक. सहा मिनिटांचे मूळ गाणे सिंगलसाठी सुमारे साडेतीन मिनिटांवर आणले गेले, आणि माझ्या मते घाव तिथेच बसला, कारण या गाण्याचा सगळा जीव त्याच्या हळूहळू चढत जाण्यात आहे. १९७७च्या उन्हाळ्यात बर्लिनच्या भिंतीजवळ असलेल्या हान्सा स्टुडिओत निर्माते टोनी व्हिस्कॉन्टी यांनी बोवींसाठी तीन मायक्रोफोन मांडले. पहिला तोंडापासून सुमारे नऊ इंचांवर, दुसरा वीस फुटांवर, तिसरा पन्नास फुटांवर, दालनाच्या पार दुसऱ्या टोकाला. दूरचे दोन्ही मायक्रोफोन एरवी बंद असायचे. आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला, की आपोआप उघडायचे. म्हणून सुरुवातीला बोवी कानाशी बोलल्यासारखे वाटतात, आणि ते जसजसे ओरडू लागतात तसतसे संपूर्ण दालन त्यांच्याबरोबर घुमू लागते. निम्मे गाणे कापले, की हा चढच कापला जातो. १० जानेवारी २०१६ रोजी बोवी गेले, त्यानंतरच्या आठवड्यात हे गाणे ब्रिटनमध्ये १२व्या क्रमांकावर आले. सिंगल निघाल्यानंतर तब्बल अडतीस वर्षांनी ते त्याचे सर्वोच्च स्थान ठरले.

[दृश्य: पाचगणीचे पठार, सेंट पीटर्स शाळेची इमारत.]

फ्रेडी मर्क्युरी, मूळचे फारुख बलसारा, जन्मले झांझिबारमध्ये, पण पियानोवर त्यांची बोटे सरावली ती पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत, आणि ‘द हेक्टिक्स’ हा त्यांचा पहिला बँडही तिथलाच. त्यांच्या ‘डोन्ट स्टॉप मी नाऊ’चा कणा हाच पियानो आहे, ‘क्वीन’मधले त्यांचे सहकारी ब्रायन मे यांची गिटार जवळजवळ मधल्या एकल तुकड्यापुरतीच पुढे येते. आज लग्नाच्या हॉलपासून क्रिकेटच्या मैदानापर्यंत कुठेही वाजणारे हे गाणे १९७९ मध्ये ब्रिटनमध्ये नववे आले आणि अमेरिकेत ८६वे. मे यांना स्वतःला त्या वेळी हे गाणे रुचले नव्हते. फ्रेडींची तेव्हाची बेभान जीवनशैली त्यांना धोक्याची वाटत होती, आणि गाण्यात तिचाच जल्लोष होता, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. १९८४ मध्ये ‘आय वॉन्ट टू ब्रेक फ्री’ ब्रिटनमध्ये तिसरे आले. त्याच्या चित्रफितीत ‘क्वीन’च्या चौघांनी स्त्रीवेश घेतला होता. ब्रिटिश प्रेक्षकांना ती आपल्या ओळखीच्या एका मालिकेची नक्कल म्हणून आवडली. अमेरिकेत अनेकांनी नाके मुरडली आणि गाणे ४५व्या क्रमांकावर थांबले.

उलट्या दिशेचे एक उदाहरण सांगायलाच हवे, कारण त्यातला अन्याय सर्वांत मोठा आहे. १९६६ मध्ये निर्माते फिल स्पेक्टर यांनी लॉस एंजेलिसच्या गोल्ड स्टार स्टुडिओत टीना टर्नर यांच्याकडून ‘रिव्हर डीप, माउंटन हाय’ गाऊन घेतले. तबकडीवर आइक आणि टीना अशी दोन्ही नावे असली, तरी टीनांचे तेव्हाचे पती आइक यांना ध्वनिमुद्रणापासून दूर ठेवले होते. एकाच खोलीत दाटीवाटीने बसवलेले वादक आणि त्यांच्या त्या प्रचंड गजरावर मात करणारा टीनांचा आवाज, एकच ओळ घामाने निथळत तासन्‌तास पुन्हा पुन्हा म्हणत राहिलेला. ब्रिटनमध्ये गाणे तिसरे आले. अमेरिकेत ८८वे. कृष्णवर्णीयांच्या रेडिओ केंद्रांना ते गोऱ्यांच्या पॉपसारखे वाटले आणि गोऱ्यांच्या केंद्रांना कृष्णवर्णीयांचे, अशी त्याची कारणमीमांसा आइक टर्नर यांनी केली होती. स्पेक्टर या अपयशाने इतके खचले, की दीर्घ काळ त्यांनी काम जवळजवळ बंदच केले. टीना टर्नर यांना अमेरिकेत एकटीच्या नावावर पहिला क्रमांक मिळायला १९८४ उजाडावे लागले.

सिंगल निघाल्याशिवाय यादीत प्रवेश नाही, हा ‘बिलबोर्ड’चा नियम डिसेंबर १९९८ मध्ये बदलला. तोवर नॅटली इंब्रुलिया यांचे ‘टॉर्न’ अमेरिकी रेडिओवर अकरा आठवडे सर्वाधिक वाजलेले गाणे ठरून ओसरू लागले होते; त्यामुळे नव्या नियमाने त्याला मिळालेले सर्वोच्च स्थान ४२वे राहिले.

[दृश्य: जुन्या शेतघरातील स्टुडिओ, कळफलक असलेले संगणकीय वाद्य.]

नियमांचे सामर्थ्य किती असते, हे अगदी अलीकडे केट बुश यांच्या बाबतीत दिसले. २७ मे २०२२ रोजी ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेचा नवा हंगाम आला आणि त्यातून ‘रनिंग अप दॅट हिल’ अशा मुलांपर्यंत पोहोचले, ज्यांच्या आईवडिलांनीही ते बहुधा शाळेत असताना ऐकले असेल. ब्रिटनच्या यादीत आता इंटरनेटवरची श्रवणेही धरली जातात. पैसे भरणाऱ्या श्रोत्यांच्या शंभर श्रवणांची एक विक्री, असा हिशेब असतो. जुन्या गाण्यांसाठी मात्र हा हिशेब दोनशेला एक असा होतो, जेणेकरून नव्या गाण्यांना वाट मिळावी. त्यामुळे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात केट बुश यांचे गाणे सर्वाधिक ऐकले जात असूनही दुसऱ्या क्रमांकावर राहिले आणि हॅरी स्टाइल्स यांचे गाणे पहिले ठरले. क्रमवारी तयार करणाऱ्या संस्थेने मग या एका गाण्यापुरता तो नियम बाजूला ठेवला. १७ जून २०२२ रोजी, प्रकाशित झाल्यानंतर जवळजवळ सदतीस वर्षांनी, ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर आले आणि तीन आठवडे तिथे राहिले. अमेरिकेत त्याने त्याच उन्हाळ्यात तिसऱ्या क्रमांकापर्यंत मजल मारली.