गोड न लागणारी साखर

(दृश्य : काचेचं भांडं. वरून ड्रॉपर. अगदी जवळून.)

भांड्यातल्या पाण्यात कॅल्शियम क्लोराइड विरघळवलंय. ड्रॉपरमध्ये आहे सोडियम अल्जिनेटचं चिकट, घट्टसर द्रावण. आता थेंब पडताना नीट बघा. पाण्यात शिरला, पण पसरला नाही. गोळी झाली त्याची. चिमट्यानं उचला, फुटत नाही. ना काही तापवलं, ना काही गार केलं.

हे अल्जिनेट तपकिरी समुद्रशैवालातून काढतात. १८८१ साली ब्रिटिश रसायनतज्ज्ञ एडवर्ड स्टॅनफर्ड यांनी ते पहिल्यांदा वेगळं केलं. आणि रसायनाच्या भाषेत ही साखर आहे, म्हणजे साखरेच्या रेणूंची लांबच लांब माळ. बहुशर्करा, पॉलिसॅकराइड. लाकडातला सेल्युलोजही तसाच, धान्यातला स्टार्चही तसाच. माळ झाली की गोडी जाते.

(दृश्य : लाटांमध्ये झुलणारं तपकिरी शैवाल.)

अल्जिनेटच्या माळेत मणी दोनच प्रकारचे. मॅन्युरॉनिक आम्ल आणि ग्युल्युरॉनिक आम्ल. नावं जड आहेत, फरक मात्र एवढासा : पाचव्या कार्बनवरचा आम्लगट कोणत्या बाजूला वळलाय, इतकाच. गंमत म्हणजे शैवाल आधी सगळी माळ मॅन्युरॉनिकचीच ओवतं. मग एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्या तयार माळेवरून फिरतं आणि जागच्या जागी काही मणी उलटे करून ठेवतं.

मॅन्युरॉनिकचा पट्टा फितीसारखा सपाट. ग्युल्युरॉनिकचा पट्टा नागमोडी, आणि प्रत्येक वळणाशी एक खळगा. कॅल्शियमचा आयन त्या खळग्यात बरोबर बसतो. समोरून दुसरी माळ येते, तीही आपले खळगे घेऊन. दोन्हींच्या मध्ये कॅल्शियम अडकतं, अंड्यांच्या ट्रेमध्ये अंडी बसावीत तसं. १९७३ साली मांडलेलं हे चित्र आजही ‘एग-बॉक्स’ याच नावानं ओळखतात. मघाशी थेंबाची गोळी झाली, ती याच ट्रेमुळे.

काही जातींमध्ये देठ ताठ असतो, तिथे ग्युल्युरॉनिक जास्त. लाटेबरोबर वाकणाऱ्या पात्यात ते कमी. कणखरपणा किती हवा, हे मणी उलटवून ठरतं.

जखमेवरच्या पट्टीत हेच उलट्या दिशेनं घडतं. कॅल्शियम अल्जिनेटचे धागे जखमेवर ठेवले, की स्रावातलं सोडियम आत शिरतं, कॅल्शियम बाहेर पडतं आणि धागा फुगून मऊ जेल होतो. ओलावा टिकतो, आणि पट्टी काढताना ओढून काढावी लागत नाही.

(दृश्य : लाल शैवाल. नंतर पेट्री डिश.)

लाल शैवालात मणी गॅलॅक्टोज नावाच्या साखरेचे. इथे खेळ सल्फेटचा. समुद्राच्या पाण्यात सल्फेट मुबलक, आणि शैवाल ते साखरेला जोडून टाकतं. कॅरजिनन ही लाल शैवालातली एक बहुशर्करा. तिच्यात दर दोन मण्यांमागे साधारण एक सल्फेट असेल तर तो कॅपा प्रकार. पोटॅशियम मिळालं की कडक, ठिसूळ जेल देतो. दोन असतील तर आयोटा. कॅल्शियमबरोबर लवचीक जेल. तीन झाले की लॅम्डा. तो जमतच नाही, नुसता दाटपणा आणतो.

अगारही लाल शैवालातूनच मिळतं. त्यातल्या अगॅरोज या बहुशर्करेवर सल्फेट जवळजवळ नसतातच. त्याचं वितळणं आणि गोठणं वेगवेगळ्या तापमानाला होतं : वितळायला साधारण ८५ अंश सेल्सियस लागतात, गोठतं मात्र ३५ ते ४० अंशांच्या आसपास. जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवायला जिलेटिन वापरत. ३७ अंशांना ते पातळ व्हायचं, काही जंतू तर ते खाऊनच टाकायचे. तिथे काम करणाऱ्या वॉल्टर हेसे यांच्या पत्नी फॅनी यांनी अगार सुचवलं. घरी जेली करताना त्या तेच वापरत. वर्ष पुन्हा १८८१.

(दृश्य : विषाणू आणि पेशी यांचं ॲनिमेशन.)

आता औषधी गुणांकडे. इथे जरा सावध राहू.

तपकिरी शैवालातला दुसरा पदार्थ फ्युकॉइडन. स्वीडनच्या हॅराल्ड किलिन यांनी १९१३ मध्ये त्याचं वर्णन केलं. फ्युकोज साखर, त्यावर सल्फेट. सल्फेटवर ऋणभार असतो, आणि आपल्या रक्तातल्या अनेक प्रथिनांवर धनभाराचे पट्टे असतात. दोघं चिकटतात. रक्त गोठू न देणारं हेपॅरिन हीही सल्फेट असलेली बहुशर्कराच. फ्युकॉइडन त्याच्यासारखं वागतं ते यामुळे.

विषाणूंचंही तसंच. आपल्या पेशींवर हेपॅरन सल्फेटची लव असते, आणि कित्येक विषाणू आधी तिलाच धरतात. कॅरजिनन समोर आलं की ते त्यालाच पेशी समजून बिलगतात. काचेच्या डिशमध्ये हे झकास चालतं. पण एचआयव्हीपासून संरक्षण मिळावं म्हणून दक्षिण आफ्रिकेत ६,००० हून अधिक स्त्रियांवर कॅरजिननच्या जेलची चाचणी झाली. २००८ मध्ये निकाल आला : जेल सुरक्षित, पण संरक्षण नाही. बऱ्याच वेळा जेल वापरलंच गेलं नव्हतं, हेही त्या चाचणीतच दिसलं.

आणखी एक विसंगती. उंदराच्या पंजात कॅरजिनन टोचलं की सूज येते. सूज उतरवणारी औषधं तपासायला ही पद्धत १९६२ पासून वापरात आहे. सल्फेटच्या माळा जिथे-तिथे उपकारच करतील, असं धरून चालता येत नाही.

म्हणून बाटलीवर नुसतं ‘फ्युकॉइडन’ लिहिलेलं असलं, तर माझ्या लेखी ते अर्धंच लेबल. कोणत्या जातीचं शैवाल, कोणत्या ऋतूत काढलेलं, माळ किती लांब, सल्फेट किती? यातलं काहीही बदललं तरी पदार्थ बदलतो, नाव मात्र तेच राहतं.

(दृश्य : सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणू.)

आणि पोटात गेल्यावर? या माळा तोडायची कात्री माणसाच्या जनुकांत नाही. त्या तशाच मोठ्या आतड्यात पोचतात. लाल शैवालातल्या पॉर्फायरन नावाच्या बहुशर्करेची सल्फेटची जागा ओळखून नेमका तोच सांधा कापणारं विकर संशोधकांना समुद्रातल्या एका जिवाणूत सापडलं. मग २०१० मध्ये त्यांनी दाखवून दिलं, की त्याच विकराचं जनुक जपानी लोकांच्या आतड्यातल्या जिवाणूंमध्येही आहे. तिथे नोरी हे लाल शैवाल पिढ्यान्‌पिढ्या खाल्लं जातं. पानाला चिकटून समुद्रातले जिवाणू पोटात गेले असावेत, आणि आपली कात्री तिथल्या जिवाणूंना देऊन गेले असावेत.