मास इफेक्ट: दुसरा भाग पहिल्यापेक्षा सरस आहे, पण म्हणून पहिला सोडायचा?

नमस्कार मंडळी! आज मास इफेक्टवर बोलायचंय, आणि त्याला कारण तुम्हीच आहात. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की आता त्याला टाळता येत नाही. "ताई, लेजेंडरी एडिशन सेलमध्ये घेतलं. सगळे म्हणतात दुसरा भाग बेस्ट. मग पहिला स्किप केला तर चालेल का?"

यात दोन प्रश्न आहेत. दुसरा भाग पहिल्यापेक्षा चांगला आहे का? हो, बहुतेक बाबतीत आहे. मग पहिला सोडला तर चालेल का? नाही. अजिबात नाही. आजचा व्हिडिओ या "नाही"वरच आहे. तिन्ही गेम्सची कथा उघड होणार आहे, त्यामुळे अजून खेळला नसाल तर इथेच थांबा, खेळून या, व्हिडिओ कुठे जात नाही.

(स्क्रीनवर: तिन्ही गेम्सची कव्हर्स, खाली साल)

बेसिक माहिती पटकन. कॅनडातल्या एडमंटनचा बायोवेअर स्टुडिओ. पहिला भाग २००७, दुसरा २०१०, तिसरा २०१२. तुम्ही कमांडर शेपर्ड, तुमचं जहाज नॉर्मंडी, आणि आकाशगंगेच्या बाहेरून रीपर नावाची अवाढव्य यंत्रं येतायत, जी दर पन्नास हजार वर्षांनी सगळी प्रगत जीवसृष्टी संपवतात. २०२१ साली तिन्ही भाग सुधारून एकत्र आले, तेच लेजेंडरी एडिशन. चौथ्या, म्हणजे अँड्रोमेडाबद्दल विचारू नका, तो वेगळा विषय आहे.

आता दुसऱ्यात काय सुधारलं ते मोकळेपणाने सांगते. शूटिंग. पहिल्यात बंदूक चालवताना आपण गोळी मारतोय की फासे टाकतोय, असं वाटतं, कारण सुरुवातीला नेम तुमच्या हातापेक्षा स्किल पॉइंटवर जास्त ठरतो. दुसऱ्यात जिथे नेम धरला तिथे गोळी लागते. सामानाची यादी गेली, आणि बरं झालं. पहिल्यात १५० वस्तूंची मर्यादा, एकाच रायफलच्या पाच-सहा आवृत्त्या, आणि भर मोहिमेत एकेक वस्तू वितळवून ऑम्नी-जेल करत बसायचं. संवादाच्या मधेच एक बटण दाबून हस्तक्षेप करायची सोय दुसऱ्यात आली, ती तर मला फार आवडते. समोरचा बडबडतोय, तुम्ही त्याला सरळ खिडकीतून ढकलून देता!

आणि पात्रं. दुसऱ्या भागाचा सांगाडाच पात्रांवर उभा आहे. टीम जमवा, प्रत्येकाची एक खासगी गाठ सोडवा, मग सगळ्यांना घेऊन जिथून कोणी परत आलं नाही तिथे जा. त्या शेवटच्या मोहिमेत कोण जगेल हे तुमच्या निर्णयांवर ठरतं. झडपांच्या बोगद्यात टाली किंवा लीजनसारखा तांत्रिक माणूस पाठवला नाहीत तर तो मरतो. जहाजाचं चिलखत, ढाल, तोफ सुधारली नाहीत तर तिथे पोचायच्या आधीच माणसं जातात. तुमचा क्रू पळवून नेल्यावर लगेच न निघता आणखी मोहिमा करत बसलात, तर क्रू मरतो, आणि ते दृश्य बघवत नाही. "माझा मॉर्डिन (टीममधला सलेरियन वंशाचा शास्त्रज्ञ) शेवटी का मेला?" असं विचारणारे बरेच आहेत, त्यांच्यासाठी: शेवटी मागे थांबून किल्ला लढवणाऱ्या गटाची सरासरी ताकद मोजली जाते, आणि मॉर्डिन त्यात कमकुवत धरलाय. वाचलेल्या क्रूबरोबर त्याला परत पाठवा, सुखरूप राहील. गॅरस आणि ग्रंटला मागे ठेवा.

मग पहिल्यात असं काय आहे, जे दुसऱ्यात नाही? अवकाश. खरंच. पहिल्यात माको नावाची सहा चाकी गाडी मिळते आणि ओसाड ग्रहांवर उतरता येतं. गाडी उड्या मारते, डोंगर चढताना वैताग आणते, ग्रहांवरची तळघरं तीच ती आहेत, सगळं मान्य. पण एका मोहिमेत तुम्ही आपल्या चंद्रावर उतरता. राखाडी जमीन, शांतता, आणि कॅमेरा वर केला की काळ्या आभाळात पृथ्वी. कोणी काही बोलत नाही, तिथे ट्रॉफीही नाही. मी गाडी थांबवून बघत बसले होते. दुसऱ्या भागात या जागी काय आलं? ग्रहावर कर्सर फिरवून इरिडियम नि पॅलेडियम शोधायचं. जहाज सुधारायला ते लागतंच, म्हणून तासन्‌तास स्कॅनर फिरवत बसावं लागतं. हा बदल सुधारणा म्हणून मला कधीच पटलेला नाही.

गोळ्यांचंही तेच. पहिल्या भागात बंदुकीला काडतुसं नाहीत. धातूच्या ठोकळ्यातून सूक्ष्म कण सुटतात, जास्त झाडलं तर बंदूक तापते, मग थांबायचं. या जगाला शोभेल असा विचार होता. दुसऱ्यात उष्णता शोषणाऱ्या क्लिप आल्या, म्हणजे नेहमीच्या शूटरसारख्या गोळ्या गोळा करा. खेळायला जास्त चुरशीचं आहे, नाकारत नाही. पण जेकब या साथीदाराच्या मोहिमेत दहा वर्षांपूर्वी कोसळलेल्या जहाजाच्या आसपासही त्याच नव्या क्लिप सापडतात. त्या तिथे कशा पोचल्या, याला उत्तर नाही. मला अशा गोष्टी खुपतात.

लिफ्टबद्दल एकाने लिहिलंय, "लिफ्टमध्ये झोप लागते." लिफ्ट हे लपवलेलं लोडिंग होतं, आणि हो, संथ होतं. लेजेंडरीमध्ये ती बटण दाबून टाळता येते. पण टाळू नका, निदान सिटाडेल या भल्या मोठ्या अवकाशस्थानकावर तरी. दोन साथीदार लिफ्टमध्ये एकमेकांशी बोलतात. एक ट्युरियन आणि एक क्रोगन, ज्यांच्या वंशांमध्ये जुनं वैर आहे, ते एका छोट्या पेटीत शेजारी उभे राहून एकमेकांना टोमणे मारतात. तिसऱ्या भागात जे कळायला लागतं त्याची सुरुवात या लिफ्टमध्ये आहे.

आता मुद्द्याचं. रेक्स.

रेक्स हा क्रोगन, पहिल्या भागातला साथीदार. नॉर्मंडीच्या खालच्या मजल्यावर, जिथे माको उभी असते, तिथे भिंतीला टेकून असतो. खोदून खोदून विचारलंत तर बोलतो. त्याच्याच बापाने त्याला भेटीला बोलावून, पूर्वजांच्या जागेत सापळा रचला होता, आणि रेक्सला बापाला मारावं लागलं. तो हे एखादं जुनं बिल दाखवावं तशा आवाजात सांगतो. त्याच्या वंशाला जेनोफेज जडलाय, सलेरियन लोकांनी बनवलेला आणि ट्युरियन लोकांनी पसरवलेला रोग, ज्यामुळे क्रोगनांची जवळजवळ सगळी पोरं जन्माआधीच जातात.

मग विरमायर हा ग्रह येतो. खलनायक सारेनने तिथे जेनोफेजवर उपाय शोधलाय, आणि तुम्हाला ती जागा उडवायची आहे. रेक्स समुद्रकिनाऱ्यावर बंदूक घेऊन तुमच्यासमोर उभा राहतो. त्याच्या वंशाचा इलाज तुम्ही नष्ट करणार आहात, तो का गप्प बसेल? तुमच्याकडे बोलण्याचे, म्हणजे चार्म किंवा धाक दाखवण्याचे पुरेसे गुण असतील, किंवा त्याच्या घराण्याचं चिलखत तुम्ही आधी शोधून दिलं असेल, तर तो ऐकतो. नाहीतर त्याला तिथेच मारलं जातं. तुमच्या हातून, किंवा ॲश्ली या साथीदाराच्या.

आता ऐका, कारण "चालेल का"चं उत्तर इथे आहे. पहिल्या भागाची सेव्ह फाइल, म्हणजे त्यातले तुमचे निर्णय, न आणता दुसरा भाग नव्याने सुरू केलात, तर गेम काय धरतो? रेक्स मेलेला आहे. सिटाडेलची परिषदही मेलेली. रॅक्नी या किड्यांसारख्या वंशाची राणीही मारलेली. तुमच्या नावाने एक अख्खी मोहीम लढून झालीय आणि तिचे सगळ्यात रुक्ष निकाल तुमच्या माथी मारलेत. क्रोगनांच्या मूळ ग्रहावर, टुचांकाला जाल तेव्हा कुळाच्या गादीवर रेक्सऐवजी त्याचा भाऊ रीव्ह असेल, आणि तुम्हाला वाटेल, असेल बुवा एखादा चिडका क्रोगन.

यावर लगेच उत्तर येतं, "ताई, कॉमिक आहे ना!" आहे. पहिला भाग प्रकाशित केला मायक्रोसॉफ्टने, म्हणून प्लेस्टेशन ३ वर तो बरीच वर्षं नव्हताच, डिसेंबर २०१२ ला आला. दुसरा मात्र तिथे जानेवारी २०११ मध्ये आला. मग त्या लोकांसाठी एक बोलकं चित्रकॉमिक दिलं, ज्यात मोठे निर्णय बटण दाबून घेता येतात. माझ्या मावसभावाकडे तेच मशीन होतं, त्याने तसंच केलं. बटण दाबून रेक्स जगवला. नंतर टुचांकावर रेक्स समोरच्या क्रोगनला बाजूला ढकलून शेपर्डकडे येतो, ओळखीच्या माणसाकडे यावं तसा. मी शेजारी बसले होते, मला भरून आलं. मावसभावाने माझ्याकडे बघून विचारलं, "हा कोण?" त्याने कॉमिक नीट वाचलं होतं. रेक्स जगला हे त्याला ठाऊक होतं. पण खालच्या मजल्यावर जाऊन त्याच्याशी कधी बोललाच नव्हता, किनाऱ्यावर त्याच्या बंदुकीसमोर उभा राहिला नव्हता. कॉमिक माहिती देतं, ओळख करून देत नाही.

आणि तिसरी बाजू, जी सगळ्यात जबरदस्त आहे. तिसऱ्या भागात जेनोफेजचा इलाज खरोखर पसरवायची वेळ येते. तो पसरवायला मॉर्डिन उंच मनोऱ्यात चढतो आणि परत येत नाही. त्याला वाचवायचं असेल तर? एकच वाट आहे. पहिल्या भागात रेक्स मेलेला हवा, म्हणजे गादीवर रीव्ह. दुसऱ्या भागात मॉर्डिनच्या शिष्याचं संशोधन तुम्ही नष्ट केलेलं हवं, म्हणजे तिसऱ्यात ईव्ह ही क्रोगन स्त्री जगत नाही. मगच मॉर्डिनला पटवता येतं की इलाज खोटा ठेवू या, क्रोगनांना सुधारणारं कोणी उरलेलं नाही. त्याला पटतं आणि तो जगतो. मॉर्डिनचा जीव, रेक्सचा जीव, एका अख्ख्या वंशाचं भविष्य, हे सगळं पाच वर्षांत आलेल्या तीन डिस्कवर पसरलेलं आहे. आणि रेक्स जिवंत असताना तुम्ही क्रोगनांना फसवलंत तर तो ते शोधून काढतो आणि सिटाडेलवर येऊन तुम्हाला जाब विचारतो. रीव्हला कळतही नाही. हे ज्याने लिहिलंय त्याला मी मनापासून दाद देते. आणि म्हणून "पहिला स्किप करू का" वाचलं की माझा जीव तुटतो. तुम्ही दुसरा भाग बघताय, पण त्यातला निम्मा ऐवज पहिल्या भागात ठेवलेला आहे.

तिसऱ्यावर थोडक्यात. शूटिंग तिघांत उत्तम. टुचांका आणि रॅनॉक या ग्रहांवरच्या मोहिमा मालिकेतल्या सर्वांत चांगल्या गोष्टी आहेत. शेवट मला अजूनही आवडत नाही. मार्च २०१२ मध्ये लोक चिडले, जूनमध्ये विस्तारित शेवट फुकट दिला, त्याने जखमेवर पट्टी बसली. पण "शेवट वाईट म्हणून तिसरा वाईट" हे म्हणणाऱ्यांनी टुचांका पुन्हा खेळून बघावं.

काहींनी विचारलं, हे सगळ्या सायफाय मालिकांना लागू आहे का? नाही. पोर्टल २ पहिल्याशिवायही मजेत खेळता येतो, कारण त्यात सेव्ह फाइलचं ओझं नाही. कोणता सिक्वेल पहिल्यावर उभा आहे आणि कोणता आपल्या पायांवर, हे गेमनुसार वेगळं असतं. मास इफेक्ट पहिल्यावर उभा आहे.

आता ज्यांना पहिला जड जातोय त्यांच्यासाठी सोपा रस्ता. डिफिकल्टी कमी करा, कुणी परीक्षा घेत नाहीये. लेजेंडरीमध्ये माको पुष्कळ सुधारलीय. लियाराला लवकर टीममध्ये घ्या. सुरुवातीचे गुण चार्मवर टाका. रेक्सचं चिलखत शोधण्याची बाजूची मोहीम करा. प्रत्येक मुख्य मोहिमेनंतर जहाजावर फिरून सगळ्यांशी बोला, विशेषतः खालच्या मजल्यावर. बाकी ओसाड ग्रह सोडलेत तरी चालतील, चंद्र सोडून. विरमायरवर सोव्हरिन नावाच्या रीपरशी बोलणं होतं, ते घाईने पुढे ढकलू नका, हेडफोन लावा.

आणि खाली लिहा, विरमायरवर दोन साथीदारांपैकी एकालाच वाचवता येतं, तुम्ही कोणाला वाचवलंत, ॲश्ली की कायडन? कारणासकट. मी ॲश्लीला वाचवलं, आणि यावर वाद घालायला तयार आहे.