प्लम केक करूया, पण बाबांच्या शुगरचा विचार करून

नमस्कार मंडळी! डिसेंबर लागला की आमचे बाबा हळूच म्हणतात, "तो शुगर-फ्रीवाला प्लम केक आण ना, तो मला चालतो." नाही चालत, बाबा! वरून साखर घातली नसेल, पण आत खजूर आणि मैदा आहेच की.

हे बघा, या वाटीत १०० ग्रॅम बेदाणे आहेत. त्यातली साठेक ग्रॅम साखरच. खजुराचंही तेच. आणि टुटीफ्रुटी म्हणजे पाकात मुरवलेली कच्ची पपई, ती आज घरातच आणली नाहीये. गुळाचं विचारणार असाल तर तीसुद्धा साखरच, फक्त सावळी.

म्हणून बेदाणे फक्त ५० ग्रॅम, पण बारीक चिरून, म्हणजे घासाघासाला लागतात. रात्रभर गरम कोऱ्या चहात भिजवा. रम का नाही? बाबा इन्सुलिनवर आहेत, दारूने शुगर एकदम खाली येऊ शकते. संत्र्याचा रसही नको. साल मात्र किसून भरपूर घाला, अर्धा प्लम केक वासातच असतो.

मैद्याऐवजी १५० ग्रॅम बदामाचं पीठ, ५० ग्रॅम कणीक. ३ अंडी, ६० ग्रॅम बटर, ६० ग्रॅम अक्रोड, एक किसलेलं सफरचंद, दीड चमचा बेकिंग पावडर. मग दालचिनी, लवंग, जायफळ, सुंठ.

गोडीला ६० ग्रॅम एरिथ्रिटॉल, म्हणजे साखरेऐवजी वापरायची, शुगर न वाढवणारी गोड पूड. गंमत अशी, की प्लम केकचा तो काळपट रंग जाळलेल्या साखरेचा असतो आणि एरिथ्रिटॉल तसं जळून रंग देत नाही. पहिल्या वेळी माझा केक इतका फिकट झाला की बाबांनी विचारलं, "रव्याचा आहे का गं?" तेव्हापासून चमचाभर इन्स्टंट कॉफी आणि दोन चमचे कोको घालते.

१६० अंशांवर ४५ ते ५० मिनिटं. सुरी कोरडी निघाली की झाला. पूर्ण गार झाल्यावरच कापा, नाहीतर भुगा होतो. साखर आणि रम नाही, म्हणजे टिकवणारंच कुणी नाही. फ्रिजमध्ये ठेवा, चार दिवसांत संपवा.

याचे १२ तुकडे करा. एका तुकड्यात साधारण ११ ग्रॅम कार्ब्ज. नेहमीच्या प्लम केकच्या एवढ्याच तुकड्यात तीसेक.

हे ऐकल्या ऐकल्या बाबांनी भागाकार केला, "म्हणजे तुमचा एक, ते माझे तीन!" बाबा, डबा इकडे द्या.